सूर्यफुलाखालचं नाव

मी एक जुना गेंडा आहे. खरा नव्हे, फायबरचा. रुग्णालयाच्या आवारात, जळित विभागाच्या दाराशी मी उभा असतो. बसण्याची सोय नाही, कारण माझे चारही खुर सिमेंटात पक्के केलेले आहेत. माझ्या शिंगाचं टोक उडालंय. उजव्या कानात कुंभारमाशीनं घर केलंय आणि ती भाडं देत नाही.

मित्रांनो, माणसं भांडताना एकमेकांना ‘गेंड्याच्या कातडीचा’ म्हणतात, तेव्हा मला हसू येतं. माझी कातडी किती जाड आहे ते मलाच ठाऊक. दोन नाणी एकावर एक ठेवा, तेवढीच. आत सगळी पोकळी आहे. पोटावर टकटक केलंत तर रिकाम्या पिंपासारखा आवाज येईल. तरीही या पातळ कातडीनं जे सांभाळलं ते जाड कातडीच्या माणसांना जमलं नाही, म्हणून आज तुम्हाला माझी हकीकत सांगावीशी वाटते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे एक साचेवाला होता. त्याच्याकडे गेंड्याचा दोन भागांचा साचा होता. तो साच्याला आतून मेण चोपडायचा, म्हणजे आम्ही आत चिकटून बसू नये. मग पांढरं लुकण, त्यावर काचेच्या धाग्यांची चटई, त्यावर उग्र वासाचं रेझीन. सगळं वाळलं की दोन्ही अर्धे भाग पाठीच्या कण्यावर जोडायचे. असे आम्ही सहा भाऊ एकाच साच्यातून निघालो. आम्हाला न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला साचेवाला एकच गोष्ट बजावायचा.

“अंगाचं मेण धुवा आणि पॉलिश पेपरनं नीट घासा. तुळतुळीत अंगावर रंग बसल्यासारखा दिसतो, पण धरत नाही. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतील, मग माझ्या नावानं बोंबलायचं नाही.”

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

आता आम्हाला का बनवलं ते सांगतो. या गावात गाद्यांचा कारखाना आहे. एका दुपारी तिथल्या फोमला आग लागली. फोमची आग चालत नाही, धावते. मागच्या दाराला कुलूप होतं, कारण त्या दारानं गाद्या चोरीला जातात असा मालकांना संशय होता. नऊ कामगार आत राहिले. त्यांतल्या पाच जणांना जिवंत बाहेर काढलं, पण गावच्या रुग्णालयात भाजलेल्यांसाठी वेगळी खोली नव्हती, खाट नव्हती, माहीतगार डॉक्टर नव्हता. मोठं रुग्णालय अडीच तासांवर. पाचांपैकी एकही तिथून परत आला नाही.

मग गाव जागं झालं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसं. आपल्या गावात जळित विभाग हवा म्हणून समिती बसली. समितीच्या प्रमुख होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाला त्यांनी भाषा आणि व्याकरण शिकवलं होतं, त्यामुळे सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. बाईंनी कल्पना काढली की सहा मोठे प्राणी रंगवून घ्यायचे, महिनाभर चौकाचौकांत ठेवायचे, मग त्यांचा लिलाव करून विभागासाठी निधी उभा करायचा. भाषणात त्या म्हणाल्या की गेंडा हा संकटाला शिंगावर घेणारा प्राणी आहे. खरं कारण असं की एका बागेसाठी केलेला गेंड्याचा साचा साचेवाल्याकडे आयता पडून होता.

पहिली आणि सगळ्यांत मोठी देणगी कारखान्याच्या मालकांनी दिली. त्यानंतर समितीत आगीचा विषय निघेनासा झाला. कुणी कुणाला गप्प बसवलं नाही, तशी गरजच पडली नाही. रंगवणाऱ्यांसाठी बाईंनी सुंदर अक्षरात नियमांचा कागद लिहिला. त्यात चौथा नियम होता: ‘चित्र आनंददायी असावे. कोणताही मजकूर, नाव किंवा घोषणा नको.’

माझे पाच भाऊ शाळांकडे, चित्रकलेच्या वर्गाकडे, महिला मंडळाकडे गेले. मी उरलो. मला घेऊन बाई स्वतः ट्रकमधून गावातल्या पेंटरच्या घरी आल्या. हा पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. चाळीस वर्षं त्यानं गावाला अक्षरं पुरवली होती. आता पाट्या छापून मिळायच्या, त्यामुळे त्याच्याकडे दारावरची नावं आणि गाड्यांचे नंबर एवढंच येई. गेलेल्या नऊ जणांत त्याचा एकुलता एक मुलगा होता. म्हणूनच समितीनं त्याला मान द्यायचं ठरवलं होतं.

पेंटर दारातूनच म्हणाला, “बाई, मला हे जमायचं नाही. फुलं-पाखरं माझं काम नव्हे. मी अक्षरवाला माणूस. मी फुलपाखरू काढलं तर ते जोडाक्षर दिसेल.”

बाई वळल्या. तेवढ्यात ओले हात पदराला पुसत पेंटरची बायको बाहेर आली. तिनं ट्रकवर मला पाहिलं आणि पायरीवर थबकली.

“गेंड्या आलाय की घरी,” ती म्हणाली. “अहो, उतरवून घ्या त्याला.”

बाईंना ती थट्टा वाटली. पेंटरला वाटली नाही. त्यांच्या मुलाला सगळे गेंड्या म्हणत. तिसरीत असताना चार दिवस वही न आणल्याबद्दल त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं आणि तो तिथे उभा राहून हसत होता. “गेंड्याच्या कातडीचा आहेस,” असं त्याला शाळेत कुणीतरी ऐकवलं, पोरांनी ते उचललं आणि बावीस वर्षांचा होईपर्यंत ते त्याला चिकटलं. घरीदेखील. त्याचं कागदावरचं नाव फक्त कारखान्याच्या हजेरीत होतं आणि नंतर पंचनाम्यात आलं.

असा मी पेंटरच्या पडवीत आलो. त्यानं मला साबणानं आंघोळ घातली, मेण काढलं, आठवडाभर घासलं. इतकं प्रेमानं मला पुन्हा कुणी हाताळलं नाही. मग राखाडी अस्तर चढवलं. ते वाळल्यावर तो बराच वेळ माझ्यासमोर नुसता उभा राहिला. त्याच्या हातात लाल ऑइल पेंटचा ब्रश होता. पाटीवाल्याचा हात ब्रश घेऊन किती वेळ रिकामा राहणार? माझ्या उजव्या खांद्यावर त्यानं एक शब्द लिहिला. ‘गेंड्या.’ एवढं देखणं अक्षर त्यानं कुठल्या दुकानाला दिलं नसेल.

मग त्याला चौथा नियम आठवला. दोन दिवस त्यानं ते अक्षर वाळू दिलं. त्यावर हलक्या हातानं पॉलिश पेपर फिरवला, पांढरा हात दिला, तो घासला, पिवळा हात दिला, तोही घासला आणि वर एक मोठं सूर्यफूल काढलं. कामात कसूर नाही. चाळीस वर्षांची सवय.

बायको बाजारातून आली तेव्हा सूर्यफूल पुरं झालं होतं.

“झाकलंत?”

“नियम आहे गं. मजकूर नको.”

“त्यांचा नियम माहीत आहे मला. त्या कागदात त्याचं नाव नाही, बातमीत नाही, कारखान्याच्या दारावर नाही. एकट्या त्याचंच नव्हे, नवांपैकी कुणाचंच नाही. आणि तुम्ही लिहिलंत तेही झाकलंत.”

ती पिशवीतली भाजी निवडत माझ्या सावलीत बसली. निवडून झाली तरी बसून राहिली. मग एकदम म्हणाली, “ताजे केस करा.”

मित्रांनो, हे तुम्हाला कळणार नाही, पण त्या गावातल्या कुणालाही कळलं असतं. तेवीसएक वर्षांपूर्वी पेंटरकडे बेकरीची जुनी पाटी आली होती. बेकरीच्या जागी केशकर्तनालय निघणार होतं. ‘येथे ताजे पाव मिळतील’ हे झाकून त्यावर ‘येथे छान केस कापतील’ असं लिहायचं होतं. पेंटरनं ती पाटी न घासताच रंगवली, कारण त्याच दुपारी बायकोला कळा सुरू झाल्याचा निरोप आला आणि तो ब्रश तसाच टाकून पळाला. त्या दिवशी गेंड्या जन्मला. दोन पावसाळ्यांनी वरच्या रंगाचे पोपडे सुटले आणि केस कापणाऱ्याच्या दारावर गावानं वाचलं: ‘येथे ताजे केस मिळतील.’ पेंटरच्या आयुष्यातली ती एकच चूक. पण लोक काही ती विसरले नाहीत. वर्गात व्याकरणाच्या तासाला बाईसुद्धा विशेषणाची गंमत म्हणून ती पाटी सांगायच्या.

पेंटर बायकोकडे बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. आग लागल्यापासून पहिल्यांदा ती दोघं हसली. फार नाही, थोडंसं, आणि लगेच गप्प झाली.

त्या आठवड्यात पेंटरनं माझ्या अंगावर उरलेली आठ नावं लिहिली. हजेरीतली नव्हे, हाकेची. ती त्याला पाठ होती, कारण गेंड्या रोज जेवताना तीच बडबडायचा. पोटावर ‘लंबू’. मागच्या मांडीवर ‘गोट्या’ आणि ‘बुटक्या’, शेजारी शेजारी, कारण ते सख्खे भाऊ होते. पाठीवर ‘रेडिओ’, जो कधी गप्प बसत नसे. मानेवर ‘चष्मा’. ढुंगणाच्या वर ‘तात्या’. डाव्या खांद्यावर ठळक अक्षरात ‘खडूस’. हा त्यांचा मुकादम, जो बाहेर पडला होता आणि मागच्या दाराची किल्ली घेऊन पुन्हा आत गेला. आणि डाव्या बरगडीवर ‘वकील’. तो कुठल्या गावचा होता आणि त्याचं खरं नाव काय, हे कुणालाच सांगता आलं नाही. वाद घालायचा म्हणून वकील.

प्रत्येक नाव वाळलं की पेंटर त्यावरून मेणाचा बोळा फिरवायचा आणि न घासता वर रंग चढवायचा. लंबूवर कमळ, रेडिओवर इंद्रधनुष्य, खडूसवर एक जाडजूड फुलपाखरू. ते खरंच जोडाक्षरासारखं दिसायचं. चांगलं काम करायला शिकलेल्या हाताला वाईट काम करताना किती त्रास होतो ते मी अंगावर अनुभवलंय. पॉलिश पेपरकडे त्याचा हात आपोआप जायचा आणि तो दुसऱ्या हातानं तो मागे ओढायचा.

राहिला गेंड्या. त्याच्यावरचं सूर्यफूल पक्कं बसलं होतं. ते काढायला गेलं तर खालचं नावही गेलं असतं. पेंटरनं ठरवलं होतं की शेवटच्या दिवशी ते नाव पुन्हा लिहायचं, उजव्या कानाखाली. त्यासाठी त्यानं तळहाताएवढी जागा कोरी ठेवली होती. बायकोला मात्र तो म्हणाला होता, “त्याचंही सुटेल. सगळ्यांचं सुटेल.”

ट्रक एक दिवस आधी आला. फोटो काढायचे होते. बाईंनी फिरून मला सगळीकडून पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात. किती प्रसन्न वाटतंय.” कानाखालची कोरी जागा पेंटरनं घाईघाईनं हिरव्या पानानं भरली. बायको दारात उभी राहून मी दिसेनासा होईपर्यंत बघत होती.

महिनाभर मी चौकात उभा होतो. लोक माझ्यासोबत फोटो काढत. लिलावात मला कारखान्याच्या मालकांनी घेतलं आणि सगळ्यांसमोर नव्या जळित विभागाला भेट दिलं. टाळ्या झाल्या. मला दाराशी उभं केलं आणि माझ्या पायाशी एक पितळी पाटी बसवली. तिच्यावर मालकांचं पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट. मजकूर नको असं माझ्याबाबतीत ठरलं होतं, पण ते बहुधा माझ्या खुरांपर्यंतच लागू असावं.

विभाग चांगला आहे, हे कबूल करायला हवं. इथे पुष्कळ जीव वाचले. वाचलेले माझ्यासमोरून, पट्ट्या बांधून, हळूहळू चालत घरी जातात. जे वाचत नाहीत त्यांना मागच्या दारानं नेतात. ते दार मला दिसत नाही, पण गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो.

दुसरा पावसाळा सरला आणि उन्हं पडली तेव्हा माझ्या पोटावरचं कमळ सोलवटू लागलं. एक उंच म्हातारी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आली होती. रांग मोठी म्हणून माझ्या सावलीत टेकली, तिची नजर वर गेली आणि तिनं वाचलं: ‘लंबू’. ती उठली नाही. तिचा नंबर पुकारला तरी उठली नाही. मग तिनं हात वर करून त्या अक्षरांवर ठेवला.

ती कुणाशी काही बोलली असेल असं मला वाटत नाही. तरी पुढच्या महिन्यांत एकेक जण यायला लागलं. कुणी दात दाखवायला आल्याचं निमित्त केलं, कुणी शेजारणीला भेटायला. मला फेरी मारून बघायचे. पोपडे त्यांनी कधी ओढले नाहीत. जे आपण होऊन सुटेल तेवढंच बघायचे. गोट्या आणि बुटक्या एकाच आठवड्यात बाहेर आले, तेव्हा त्यांचा बाप माझ्या मागच्या पायाशी जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला. वकील वर आला तेव्हा त्याच्यासाठी कुणीच आलं नाही. पेंटरनंच येऊन ओल्या फडक्यानं ते नाव पुसून स्वच्छ केलं आणि त्याच्याजवळ थोडा वेळ थांबला.

पेंटरची मात्र गावात शोभा झाली. “चाळीस वर्षांचा पेंटर आणि धर्मादाय कामात असला रंग? पैसे खाल्ले असणार.” ज्या दोन-चार पाट्या मिळायच्या त्याही बंद झाल्या. अक्षरं दिसली ती लोकांना पोरांनी खरडलेली वाटली. पेंटरनं एका शब्दानं खुलासा केला नाही. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी मला खरवडून काढलं असतं. केस कापणाऱ्यानं त्याच्या तोंडावर सुनावलं, “तुझी कातडी गेंड्याची आहे बाबा.” पेंटर म्हणाला, “हो, आहे खरी.”

त्याची बायको रोज साडेचारला येऊन माझ्यासमोरच्या बाकावर बसायची. त्याच वेळी शाळा सुटते. आजूबाजूची मुलं आवारात शिरतात, माझ्या पाठीवर चढतात, शिंगाला लोंबकळतात. टोक त्यांनीच तोडलं. ती मुलांना कधी ओरडली नाही. मला वाटायचं, ती सूर्यफुलावर डोळा ठेवून बसते. आठांपैकी सात नावं वर आली होती. सूर्यफूल तसंच कोरं करकरीत होतं.

चौथ्या वर्षी एकदा पेंटरही तिच्यासोबत आला. तो फार खोकत होता. आयुष्यभर रंगाचा वास ओढलेली छाती, ती कधीतरी हिशेब मागणारच. तो माझ्या उजव्या खांद्याशी आला आणि पाकळीच्या कडेला त्यानं अंगठ्याचं नख लावलं. कड हलली नाही. तो बाकावर जाऊन बसला.

“त्याचं नाही सुटायचं,” तो म्हणाला. “ते मी घासून रंगवलंय. तेव्हा तुला ते सुचलं नव्हतं. पुन्हा लिहिणार होतो, तर ट्रक आला. मी तुला खोटं सांगितलं.”

“ठाऊक आहे मला.”

“कधीपासून?”

“ट्रक आला त्या दिवसापासून. तुम्ही सगळ्या फुलांकडे बघत होता, सूर्यफूल सोडून. आणि तुमचा हात मला माहीत नाही होय? तुम्हाला वाईट काम करायला सांगावं लागतं.”

पेंटरनं चेहरा हातांत घेतला. “मग रोज कशाला येऊन बसतेस इथे? काय दिसणार आहे?”

“बघायला नाही येत. जरा गप्प बसा, ऐका.”

शाळा सुटली होती. एक मुलगी धावत आली, माझ्या पायाला मिठी मारून ओरडली, “ए गेंड्या, खाली वाक की!” तिच्या मागून दुसरा, “गेंड्या, मी आलो रे!” मग पाच-सहा जण एकदम. गेंड्या, गेंड्या, गेंड्या. रोज असंच चालतं. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

“बाकीच्यांना आपापलं पोर वाचावं लागतं,” ती म्हणाली. “आपल्याला हाका ऐकू येतात.”

पेंटर संध्याकाळपर्यंत तिथे बसला. त्या हिवाळ्यात तो गेला.

त्यानंतरच्या वर्षी डाव्या खांद्यावरचं फुलपाखरू गळून पडलं. तो खांदा नेमका मोठ्या डॉक्टरांच्या खिडकीसमोर आहे. डॉक्टरांनी सकाळी पडदा बाजूला केला आणि समोर ठळक, सुबक अक्षरात वाचलं: ‘खडूस’. स्वभावानं ते थोडे तसेच होते, त्यामुळे त्यांना ते फार लागलं. रुग्णालयाच्या आवारात अर्वाच्य मजकूर लिहिला जातो अशी त्यांनी लेखी तक्रार केली. विभागाला पाच वर्षं पुरी होत होती, मालक समारंभाला येणार होते. समितीनं ठरवलं की गेंडा घासून साफ करायचा आणि सगळीकडून एकच राखाडी रंग द्यायचा. मित्रांनो, जो मेला तो आगीत मेलाच. आता त्याला पॉलिश पेपरनंही मारायचं ठरलं होतं.

ठेकेदार घासायचं यंत्र घेऊन आला. काम दाखवायला बाई आल्या. पाच वर्षांत त्या वाकल्या होत्या. चष्मा लावून माझ्याभोवती फिरू लागल्या.

“पोरांना काही शिस्त राहिलेली नाही,” त्या म्हणाल्या. मग मानेपाशी थांबल्या. “चष्मा...” पुढे झाल्या. “लंबू. रेडिओ.” त्यांचा आवाज बारीक झाला. रेडिओला त्यांनी स्वतः पहिल्या बाकावर बसवलं होतं, मागे बोलतो म्हणून. हे हस्ताक्षर पोरांचं नाही, हेही त्यांना आता दिसलं. बाकावर पेंटरची बायको बसली होती. बाई तिच्यापाशी गेल्या.

“ही सगळी... ती मुलं आहेत?”

“हो बाई.”

“आठ आहेत. तुमच्या मुलाचं नाव कुठे आहे?”

“त्या सूर्यफुलाखाली. ते नाही सुटलं. तेवढं काम चांगलं झालं होतं ना.”

“काय लिहिलंय खाली?”

तिच्या आवाजात राग नव्हता. “तुम्हीच ठेवलेलं, बाई. तिसरीत. त्यानं वही आणली नव्हती तेव्हा.”

बाई बाकावर बसल्या. शाळा सुटली, मुलं आली, हाका मारू लागली. बाईंनी आयुष्यभर व्याकरण शिकवलं होतं. पुस्तकात, पाटीवर, जिभेवर तो ‘गेंडा’ असतो. हाक मारली की ‘गेंड्या’ होतो. संबोधन. परीक्षेत त्याला एक गुण असतो.

ठेकेदारानं यंत्र सुरू केलं तशा बाई उठल्या.

“थांबा. घासू नका.”

“मग रंग कसा द्यायचा?”

“तसाच वरून द्या.”

“बाई, खाली ऑइल पेंट आहे, गुळगुळीत. न घासता रंग दिला तर धरणार नाही. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतील. माझी बदनामी होईल.”

“बदनामी माझ्या नावावर घाला,” बाई म्हणाल्या. “मी लिहून देते. ताजे केस करा.”

ठेकेदार परगावचा होता, त्याला काही कळलं नाही. बाकावर बसलेल्या पेंटरच्या बायकोला कळलं. तिनं पदर तोंडाला लावला.

तेव्हापासून मी राखाडी आहे, खऱ्या गेंड्यासारखा. समारंभ झाला. मालक माझ्या शेजारी उभे राहिले, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तिथे ‘रेडिओ’ होता. बाई व्यासपीठावर बोलल्या, पण त्या नावांबद्दल बोलल्या नाहीत. तेवढं धैर्य त्यांच्यात नव्हतं आणि ते मी झाकून ठेवणार नाही.

पहिला पावसाळा गेला. दुसरा यायचाय. पेंटरची बायको त्याची वाट पाहू शकली नाही. दोन महिन्यांपूर्वी ती साडेचारला आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सफाईवाल्या मावशींनी गोळ्यांच्या रांगेतल्या एका उंच म्हातारीला ती गेल्याचं सांगितलं, तेव्हा मला कळलं. मुलाचं नाव तिला पुन्हा कधीच वाचायला मिळालं नाही. त्या दुपारी हाका नेहमीइतक्याच आल्या. ऐकायला मात्र मी एकटाच होतो.

हल्ली त्या बाकावर बाई येऊन बसतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्या अंगाचे पोपडे नखानं ओढू नका, ते आपण होऊन सुटतील. सुटले की खाली काही लिहिलेलं दिसेल. ते कुणी खरडलंय असं समजून पुसायला धावू नका, आधी वाचा. आणि शाळेतून येता-जाता मला हाक मारा. शिंग आणखी तुटलं तरी चालेल. आठ जणांची नावं पुन्हा वाचता येतील. नववा हाकेशिवाय कुठेच नाही.